कायले पाह्यजे दहा डबे?

परतवाड्याच्या बाजारात संगणकाच्या दुकानात जाऊन कुणी विचारले, की आकडेमोडीचे मोठे काम आहे, दीड-दोन लाखांत काय बसेल, तर दुकानदार आधी खुर्ची पुढे करतो, मग चहा सांगतो आणि मग वर्कस्टेशनचे पान उघडतो. ‘एकच दणदणीत मशीन घेऊन टाका नं भाऊ.’ गिऱ्हाईक चाचरत विचारते, त्याच पैशात साधे दहा पीसी घेऊन जोडले तर? ‘कायले पाह्यजे दहा डबे?’ म्हणत तो पान उलटतो.

दुकानदार खोटे बोलत नाही. फक्त एक प्रश्न विचारायचा तो विसरतो: काम कोणते आहे? अचलपूरच्या शिवारात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायला हरकत नाही, कारण नांगरट आणि वेचणी यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही. नांगरटीला जोर लागतो. तिथे पन्नास माणसे खुरपी घेऊन उभी केली तरी ट्रॅक्टरचे काम व्हायचे नाही. कापूस वेचायला मात्र वीस बाया लागतात. प्रत्येकीची आपली पाथ, आपली ओटी. एक आली नाही तर तिची पाथ दुसऱ्या दोघी ओढून नेतात, वेचणी थांबत नाही. सुपरकॉम्प्युटरचे जनक मानले जाणारे सेमूर क्रे यांच्या नावावर एक किस्सा सांगतात: शेत नांगरायला दोन दणकट बैल बरे की १०२४ कोंबड्या? प्रश्न झकास आहे. पण शेतात सांडलेले दाणे टिपायचे असतील तर बैल काय कामाचे, हे क्रे यांना कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

वेचणीचे काम कसे ओळखायचे? ज्याचे तुकडे पाडता येतात आणि एका तुकड्याला दुसऱ्याचे उत्तर लागत नाही, ते वेचणीचे. समजा, एखाद्या वाचनालयाला आपली ४०० जुनी मराठी पुस्तके स्कॅन करून त्यांतला मजकूर शोधता येईल असा करायचा आहे. सरासरी २५० पाने धरली तर एक लाख पाने झाली. टेसरॅक्ट नावाची फुकट मिळणारी प्रणाली मराठी अक्षरे ओळखते. एका पानाला प्रोसेसरच्या एका कोअरवर २० सेकंद लागतात असे धरू. एक लाख पानांना २० लाख सेकंद, म्हणजे साधारण ५५५ तास, तेवीस दिवस. हेच काम चार-चार कोअरच्या दहा पीसींवर वाटले, तर ४० कोअर मिळून ते चौदा तासांत उरकते. संध्याकाळी लावावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी पाहावे. पान क्रमांक ७२ ला पान क्रमांक ७१ शी काही देणेघेणे नसते, म्हणून हे जमते. यात एक बारीक खोच आहे. टेसरॅक्ट आपण होऊन एकाच पानासाठी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, उघडते. एका पीसीवर त्याच्या चार प्रती चालवायच्या असतील, तर प्रत्येक प्रतीला एकच थ्रेड वापरण्याची मर्यादा घालावी. नाहीतर चौघी एकमेकींच्या पायांत येतात आणि वेग वाढायच्या ऐवजी घटतो.

ॲनिमेशनचेही तसेच. ब्लेंडर या मोफत ॲनिमेशन-प्रोग्राममध्ये केलेल्या एका मिनिटाच्या चित्रफितीत सेकंदाला २४ प्रमाणे १४४० चौकटी असतात. प्रत्येक चौकटीला दहा मिनिटे लागली तर एका यंत्राला दहा दिवस, दहा यंत्रांना एक. चौकटी वाटून देण्यासाठी ब्लेंडरच्याच मंडळींनी केलेला फ्लॅमेंको हा मोफत प्रोग्राम आहे.

नांगरटीची कामे वेगळी. हवामानाचे प्रारूप, नदीच्या पुराचे गणित, धरणाच्या भिंतीवरचा ताण यांत नकाशाचे चौकोन पाडता येतात, पण प्रत्येक चौकोनाला पावलोपावली शेजारच्या चौकोनाची खबर लागते. दहा डब्यांत काम वाटले की ही खबर तारेवरून जाते, आणि खरी गोम तिथे आहे. साध्या डेस्कटॉपमधली दुपदरी डीडीआर-४ मेमरी सेकंदाला कागदोपत्री ४२ जीबीच्या आसपास माहिती पुरवते. गिगाबिट नेटवर्कची तार फार तर १२५ एमबी, आणि प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच. म्हणजे फरक तीनशे पटींहून जास्त. शेजाऱ्याचा निरोप येईपर्यंत प्रोसेसर हात बांधून बसतो. मोठ्या महासंगणकांत इन्फिनिबँडसारखी महागडी जोडणी बसवतात ती हा निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचावा म्हणून. दहा डब्यांसाठी तसले काही विकत घ्यायची वेळ आली, तर डबे स्वस्त पडल्याचा आनंद संपलाच म्हणायचा.

आणि वेचणीतही काटा एकच असतो. वीस बायांनी कितीही भरभर वेचले तरी संध्याकाळी वजनाला रांग लागते. संगणक-रचनाकार जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये हीच गोष्ट गणितात मांडली. कामाचा पाच टक्के भाग एकाच यंत्रावर होणारा असेल, तर दहा यंत्रांनी वेग दहापट होत नाही, सातपटीच्या जरा अलीकडेच थांबतो. हजार यंत्रे लावली तरी वीसपटीची वेस ओलांडता येत नाही. वाचनालयाच्या उदाहरणात काटा म्हणजे ती डिस्क, जिच्यावर एक लाख स्कॅन ठेवलेले आहेत आणि जिच्याकडे चाळीस कोअर एकाच वेळी हात पसरतात. म्हणून पैसे वाचवायचे तर डब्यांत वाचवावेत. ज्या यंत्रावर फायली आहेत त्यात मात्र चांगली एसएसडी घालावी.

या सगळ्या विचाराचा वऱ्हाडाशी जवळचा संबंध आहे. अचलपूरहून सुटणारी, आता बंद पडलेली शकुंतला आगगाडी जिथे पोचायची त्या मूर्तिजापूरच्या तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म तिथला, १९४६ चा. अमेरिकेने क्रेचा हवा तो महासंगणक द्यायला खळखळ केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात भटकरांच्याच नेतृत्वाखाली सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये तिथे ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात क्रेसारखे मोजके बलदंड प्रोसेसर नव्हते. इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या लहान चिपा मोठ्या संख्येने एकमेकींना जोडलेल्या होत्या. पीसी नव्हेत त्या, पण बैलांऐवजी कोंबड्या लावायचा निर्णय तोच. पुढे १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये सन कंपनीची यंत्रे आली.

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली ‘अनुपम’ मालिका या बाबतीत आणखी बोलकी आहे. १९९१ च्या सुमारास तिची सुरुवात इंटेलच्या आय-८६० या खास प्रोसेसरवर झाली. पुढे डेकच्या अल्फा यंत्रांवरची अनुपम आली, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी पेंटियमचे पीसी इथरनेटने जोडून केलेली. जगभर तेव्हा हेच वारे होते. नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १९९४ मध्ये ४८६ डीएक्स-४ जातीचे १६ प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडले, वर लिनक्स टाकले आणि त्याला बेवुल्फ हे नाव दिले. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतही सन, एचपी, डेकच्या वर्कस्टेशनांची जागा याच काळात पीसींच्या रांगांनी घ्यायला सुरुवात केली, कारण कणांची प्रत्येक टक्कर वेगळी मोजता येते. अस्सल वेचणीच ती.

गूगलने तर हिशेबच छापून टाकला. लुइझ बारोसो, जेफ डीन आणि उर्स होल्झले यांच्या २००३ च्या लेखात दोन पर्याय शेजारी-शेजारी मांडले आहेत. एका रॅकमध्ये ८८ साधी यंत्रे: १७६ झिऑन प्रोसेसर, १७६ जीबी मेमरी, ७ टीबी डिस्क, किंमत सुमारे २ लाख ७८ हजार डॉलर. दुसरीकडे एकच मोठा सर्व्हर: त्याच वेगाचे आठ झिऑन, ६४ जीबी मेमरी, ८ टीबी डिस्क, किंमत ७ लाख ५८ हजार डॉलर. जवळपास तिप्पट पैसे मोजून प्रोसेसर बावीसपट कमी. महाग सर्व्हरचे जादा पैसे जातात ते मुख्यतः आतल्या जलद जोडणीसाठी आणि भरवशासाठी. शोधाच्या कामाला जोडणी फारशी लागत नव्हती, आणि भरवसा गूगलने यंत्राकडून न घेता प्रोग्रामकडून घेतला. तोही गरजेपोटी. एक यंत्र तीस वर्षांत एकदाच बिघडते असे धरले तरी दहा हजार यंत्रांत दररोज जवळपास एक बिघडणारच.

महाराष्ट्रातले सुंदर उदाहरण खोडदचे आहे. नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांमधून येणारे संकेत एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी आधी खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास ते काम बाजारात मिळणारी यंत्रे, गिगाबिट इथरनेट आणि लिनक्स यांवर उभ्या केलेल्या प्रणालीने घेतले. खास यंत्रणेत बदल करायचा तर सोल्डरिंगपासून सुरुवात, प्रोग्रामात बदल करायचा तर की-बोर्डपासून.

एवढे वाचून लगेच दहा डब्यांची ऑर्डर द्यायची नाही. आधी विजेचे बिल मांडावे. जुना डेस्कटॉप पूर्ण ताकदीने चालताना १०० वॅट घेतो असे धरले, तर दहा मिळून एक किलोवॅट. दिवसरात्र चालले तर रोज २४ युनिट, महिन्याला ७२०. दर युनिटला दहा रुपये धरा (खरा दर आपल्या बिलावर पाहावा), महिना ७,२०० आणि वर्षाला ८६,४०० रुपये होतात. एक डबा पंधरा हजारांना पडला असेल तर दहांचे दीड लाख. म्हणजे दोन वर्षे पुरी व्हायच्या आत वीज डब्यांच्या किमतीला गाठते. हेच डबे महिन्यातून वीस रात्री आठ-आठ तास चालवले, तर १६० युनिट, १,६०० रुपये. त्यामुळे जुने स्वस्त पीसी अधूनमधूनच्या कामाला लाखमोलाचे आणि बारमाही कामाला खर्चिक.

तो किलोवॅट जातो कुठे? सगळाच्या सगळा उष्णता होऊन खोलीत उतरतो. मे महिन्यात अचलपूरच्या बंद खोलीत एक किलोवॅटची शेगडी पेटवून ठेवण्यासारखे आहे ते. प्रोसेसर तापला की जळत नाही, आपला वेग आपणच उतरवतो. कामाला दीडपट वेळ का लागतो आहे, हे मालकाला कळतच नाही. एसी असेल तर एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅटपर्यंत उष्णता ओढतो, प्रश्न मिटला. पण वऱ्हाडात पहिला हात कूलरकडे जातो, आणि कूलरचा थेट झोत यंत्रांवर घेणे वाईट. दमट हवा आली की धूळ चिकट होते, आणि दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात तर पाण्यातले क्षार कूलरच्या ताट्यांवर पांढरे होऊन बसलेले दिसतात. तेच शिंतोड्यांवाटे बोर्डावर कशाला न्यायचे? त्यापेक्षा उन्हाळ्यात काम रात्री लावावे, खिडकीला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा आणि डबे भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावेत. अँगलची लोखंडी मांडणी गावातला फॅब्रिकेटरही करून देतो. बंदिस्त कपाट मात्र नको.

कापसाच्या जिनिंग कारखान्याजवळ राहणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक असते. पीसीचे झाकण उघडले की प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत रुईचा तंतू आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर बसलेला असतो. ब्लोअर मारून तो काढावा, पंखा बोटाने धरून, नाहीतर हवेच्या जोराने तो गरगरून बिघडतो. वाळून खडूसारखी झालेली जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. एका डब्याला वीस मिनिटे लागतात.

आता खरेदी. कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर परत केलेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलीटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे डबे पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे लॉटने येतात. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालच्या प्रोसेसरवर सहसा अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट पीसी कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. लिनक्स चालवणाऱ्याला त्या अटीशी काही देणेघेणे नाही. घेताना मॉडेल एकच असावे, हा आग्रह सोडू नये. या कंपन्यांचे पॉवर सप्लाय आणि कधीकधी बोर्डही आपल्याच घाटाचे असतात, बाजारातला दुसरा बसत नाही. म्हणून दहा हवे असतील तर बारा घ्यावेत, दोन सुट्या भागांसाठी. बुटक्या डब्यात पुढे मोठे ग्राफिक्स कार्ड बसणार नाही, हेही तेव्हाच पाहावे.

आल्या-आल्या प्रत्येकावर मेमरी तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवावा. साध्या पीसीच्या मेमरीला चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी सोय सहसा नसते, वर्कस्टेशनला बहुधा असते. हा फरक कागदावरचा नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने ॲपलची ११०० पॉवर मॅक जी-५ यंत्रे जोडून जगात तिसऱ्या क्रमांकाचा महासंगणक उभा केला, पण त्यात ईसीसी मेमरी नव्हती. दुसऱ्याच वर्षी सगळी यंत्रे काढून ईसीसी असलेली एक्ससर्व्ह बसवावी लागली. दहा डब्यांत तो धोका त्या मानाने थोडा. तरीही शोधनिबंधात जाणारे आकडे असतील तर निवडक तुकडे दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून उत्तरे ताडून पाहावीत. घरोघरच्या पीसींवर आकाशातले संकेत तपासणाऱ्या सेटी ॲट होमने हीच युक्ती वापरली होती.

बायोसमध्ये दोन गोष्टी बदलायच्या. वीज गेली-आली की पीसी आपोआप चालू व्हावा, ही एक. नेटवर्कवरून हाक मारली की उठावा, ही दुसरी. आणि बोर्डावरची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी सरळ नवी टाकावी. ती संपलेली असली की वीज गेल्यावर पीसीचे घड्याळ थेट काही वर्षे मागे जाते, बायोसमधली मांडणीही पुसली जाऊ शकते, आणि मग फायलींच्या तारखा व लॉगिन यांचा जो घोळ होतो तो शोधण्यात अख्खा दिवस जातो.

यूपीएस सगळ्यांना देण्याचा मोह टाळावा. फायली ठेवणारे मुख्य यंत्र आणि नेटवर्कचा स्विच, एवढ्यांनाच तो पुरे. बाकीचे डबे पडले तर पडू द्यावेत. त्यासाठी काम अशा रीतीने लावायचे, की झालेल्या पानाची मजकूर-फाईल आधीच जागेवर असेल तर ते पान वगळून पुढचे घ्यायचे. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावर खरे नाव द्यावे. नाहीतर वीज जाताना अर्धवट राहिलेले पानही पूर्ण समजले जाते.

वर्कस्टेशन कधी घ्यावे? सॉफ्टवेअरचा परवाना दर यंत्रामागे मोजावा लागत असेल, तर दहा परवाने डब्यांना खाऊन टाकतील. एकाच कामाला १२८ किंवा २५६ जीबी मेमरी लागत असेल, तर दहा डब्यांच्या १६-१६ जीबीची बेरीज कामाला येत नाही. एकच मोठे भाषिक प्रारूप शिकवायचे असेल तर ग्राफिक्स कार्डाची मेमरी निर्णायक ठरते. आणि ज्यांच्याकडे लिनक्सशी दोन हात करणारा माणूस नाही, त्यांनीही एकाच यंत्रावर राहावे. दहा यंत्रे सांभाळणाऱ्याचा वेळ फुकट नसतो, भले त्याचा पगार दुसऱ्याच खात्यातून निघत असो.

दुकानदार सहसा न सांगणारी तिसरी वाटही आहे. आज बाजारातल्या साध्या डेस्कटॉपसाठीच सोळा कोअरचा प्रोसेसर मिळतो. तो घालून जुळवलेला एक पीसी चार जुन्या डब्यांइतके कोअर एकाच पेटीत देतो, प्रत्येक कोअर जुन्यापेक्षा वेगवान, आणि वीज कमी. काम बारमाही असेल तर असे दोन पीसी दहा जुन्यांपेक्षा आणि एका वर्कस्टेशनपेक्षाही बहुधा सरस ठरतात. गूगलचाही हट्ट सर्वांत स्वस्त यंत्राचा नव्हताच, दर रुपयामागे किती काम पडते याचा होता.

पैसे टाकण्याआधी दोन जुने पीसी उसने आणून खऱ्या कामाचा शंभरावा भाग चालवून पाहावा. एकावर जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्याच्या जवळपास दोघांवर लागला, तर काम वेचणीचे आहे. फरकच पडला नाही, तर काटा कुठे अडला आहे ते शोधावे. मांडणी साधीच ठेवावी: डेबियन किंवा उबंटू हे लिनक्स, दुरून यंत्रात शिरायला एसएसएच, सामाईक फायलींसाठी एनएफएस, आणि कामे वाटायला स्लर्म.

महाविद्यालयांना तर बहुधा काही विकत घ्यायचीही गरज नसते. प्रयोगशाळेतले तीस-चाळीस पीसी संध्याकाळी पाचनंतर सकाळपर्यंत झोपलेले असतात. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ मध्ये सुरू झालेला एचटीकॉन्डॉर हा मोफत प्रोग्राम नेमका त्यासाठीच आहे. यंत्र रिकामे दिसले की काम देतो, सकाळी विद्यार्थ्याने माऊस हलवला की ते काढून घेतो. प्राचार्यांची लेखी परवानगी घ्यावी, वाढणाऱ्या बिलाचा अंदाज अर्जातच लिहावा, आणि रात्री लॅबला कुलूप लावणाऱ्या चौकीदाराला सांगून ठेवावे, की दिवे बंद करा, पंखे बंद करा, पण मेन स्विच पाडू नका.